त्रिकोणाची तिसरी बाजू

भूमितीतल्या त्रिकोणाला तीन बाजू असतात. प्रेमकथेतल्या त्रिकोणाला पुष्कळदा दोनच असतात. एक नायक आणि दोन नायिका, किंवा एक नायिका आणि तिच्यासाठी झुरणारे दोन पुरुष, अशी मांडणी करून कथाकार मधल्या बिंदूपासून दोन्ही टोकांकडे जाणाऱ्या रेषा हौसेने रंगवतो. पहिली भेट, ओढ, संशय, ताटातूट, कबुली हे सारे त्या दोन रेषांवर घडते. उरलेल्या दोन टोकांना जोडणारी रेषा, म्हणजे परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरलेल्या दोन माणसांमधले नाते, मात्र कोरी राहते. फार तर 'मत्सर' या एका शब्दात तिची बोळवण होते. शेवटी त्या दोघांपैकी एकाचा त्याग, मृत्यू किंवा दूरदेशी प्रयाण घडवून आणले की त्रिकोण मिटतो आणि वाचक सुखावतो. मराठीतील रंजनप्रधान कादंबरीने या आकृतीचा मनमुराद उपयोग केला. तरीही तिच्या घडणीचा विचार करताना समीक्षेची नजर बहुधा इंग्रजी कादंबरीच्या प्रभावापाशी जाऊन थांबते.

या इतिहासाची एक शाखा वेगळ्या वाटेने गेलेली आहे. ती बंगळुरातील एका मराठी दरबारापासून निघते, तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने एका तेलुगू काव्यात फुलते आणि दीडशे वर्षांनी बंगळूरचे नाव लावणाऱ्या एका गायिकेच्या हातून पुन्हा प्रकाशात येते. 'राधिकासांत्वनमु' हे ते काव्य, मुद्दुपळनी ही त्याची कवयित्री आणि बंगळूर नागरत्नम्मा या त्याच्या संपादिका. त्रिकोणाची तिसरी बाजू या काव्यात असाधारण धीटपणे रेखाटलेली आहे, आणि काव्यावर पुढे जो गदारोळ उठला त्याचे एक कारणही तिथेच शोधावे लागते.

१

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर केंपेगौडाच्या वंशजांकडून जिंकले गेले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे केंद्र झाले. या दरबाराचे जे वाङ्मयीन चित्र आज उपलब्ध आहे ते मुख्यतः जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'मुळे. वि. का. राजवाड्यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहाजीराजांसमोर बारा नारळ ठेवून आपल्याला बारा भाषांत कविता करता येते असे सुचविणारा जयराम मराठी वाचकाला परिचित आहे. मराठी राजा, कानडी मुलूख, संस्कृत चंपू आणि त्यात अनेक देशभाषांतील पद्ये, असा हा संगम होता.

इतिहाससंशोधकांनी या चंपूकडे शहाजीकालाचा साक्षीदार म्हणून पाहिले, आणि ते स्वाभाविक होते. त्यामुळे ग्रंथाचे नाव ज्या विषयावरून पडले तो राधा-माधवांचा विलास मात्र जणू प्रास्ताविकासारखा बाजूला राहिला. एक गोष्ट तरीही नोंदविण्याजोगी आहे. भोसल्यांच्या या शाखेच्या वाङ्मयीन जीवनाच्या आरंभीच राधा उभी आहे. राजाची स्तुती करावयाची तर आधी राधेच्या शृंगारातून जावयाचे, ही रीत या दरबाराला मान्य होती.

१६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतले. बंगळूर १६८७ मध्ये मोगलांच्या आणि लगोलग म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. राज्याचे ठिकाण बदलले, पण बहुभाषिकतेचा आणि राधा-कृष्णकथेचा वारसा सुटला नाही. तंजावरला त्याला समृद्ध भूमी लाभली. आधीच्या नायक राजांच्या काळात तेथे तेलुगू काव्य बहरले होते आणि रामभद्रांबा, मधुरवाणी, रंगाजम्मा यांसारख्या स्त्रिया दरबारी कवी म्हणून मान पावल्या होत्या. भोसल्यांनी ती परंपरा मोडली नाही. एकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत नाटके रचली. त्यांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात वेगवेगळ्या प्रांतांतील राजकन्या आपापल्या भाषेत कृष्णावरचे प्रेम बोलतात आणि कृष्ण संस्कृतात उत्तर देतो. एका पुरुषाभोवती अनेक स्त्रिया हे दृश्य जुनेच. परंतु प्रत्येकीला स्वतःची भाषा देण्याची कल्पना या दरबाराची होती.

२

मुद्दुपळनीने काय केले हे समजण्यासाठी तिच्यापुढे कोणते संकेत होते ते पाहावे लागते. संस्कृत साहित्यशास्त्राने प्रेमातील तिसऱ्या व्यक्तीची दखल नायिकेच्या अवस्थेतून घेतली. प्रियकराच्या अंगावर दुसरीच्या सहवासाच्या खुणा पाहून संतापणारी ती 'खंडिता'. तिच्या रोषाला 'ईर्ष्यामान' म्हणावयाचे आणि तो घालविण्याचे साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपाय सांगावयाचे. या साऱ्या व्यवस्थेत दुसरी स्त्री ही केवळ एक खूण असते: ओठावरचा व्रण, विस्कटलेली माळ, डोळ्यांवरची झापड. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त राधा रुसते, जळते, अखेर प्रसन्न होते. पण जिच्यामुळे ती रुसते त्या गोपीला नाव नाही.

नाटकांत ही दुसरी स्त्री सदेह रंगभूमीवर येते, मात्र तिथेही तोडगा ठरलेला असतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणी धारिणी आणि हर्षाच्या 'रत्नावली'त राणी वासवदत्ता अखेरीस स्वतःच्या हाताने नव्या नायिकेला राजाच्या स्वाधीन करतात. थोरल्या राणीचे औदार्य हा नाटकाचा शेवट असतो. ते औदार्य दाखविल्यानंतर रात्री तिला झोप लागली की नाही हे विचारण्याआधीच भरतवाक्य येते.

याला एक थोर अपवाद आहे. १९१२ मध्ये त. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या 'स्वप्नवासवदत्ता'त, मेली असे सर्वांना वाटत असलेली वासवदत्ता वेषांतर करून पद्मावतीच्या आश्रयाला राहते आणि पद्मावतीचा विवाह आपल्याच पतीशी ठरल्यावर तिची विवाहमाला गुंफते. या दोघींत सख्य आहे. एकीला सत्य ठाऊक आहे आणि दुसरीला नाही. त्रिकोणाची तिसरी बाजू येथे क्षणभर लखलखते. तथापि वासवदत्तेचे मौन हाच त्या नाटकाचा प्राण आहे. ती बोलली असती तर काय बोलली असती, हा प्रश्न भासाने प्रेक्षकाच्या मनावर सोडला.

मराठी मनाला तर हा विषय परका नाहीच. राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली, तिची समजूत काढायला देव द्वारकेहून निघाला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला, अशी पंढरपूरची कथा आहे. महाराष्ट्राचे आराध्यदैवत भीमेकाठी आले ते एका स्त्रीच्या सांत्वनासाठी, असे लोकपरंपरा मानते. रुक्मिणीचे मंदिर आजही विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे आहे. पण त्याच पंढरपुरात राधेचीही स्थापना झाली, आणि 'राही-रखुमाई' असे जोडनाव बायकांच्या तोंडी बसले. जात्यावरच्या ओव्यांत रुक्मिणी कधी जनीवरून विठ्ठलाला टोमणे मारते, कधी तुळशीशी सवतीप्रमाणे भांडते. शास्त्राने जी रेषा कोरी ठेवली ती दळणाऱ्या बायांनी आपल्या परीने भरून काढली होती. मात्र या ओव्यांना कवयित्रीचे नाव नव्हते, म्हणून त्यांच्यावर कोणी खटलाही भरला नाही.

३

मुद्दुपळनी अठराव्या शतकातली. तंजावरचे प्रतापसिंह भोसले (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांच्या दरबारात तिला मान होता. ती गणिकाकुळातली, संगीत-नृत्यात निपुण, तेलुगू आणि संस्कृत साहित्यात मुरलेली. जयदेवाच्या अष्टपदीचे तेलुगू रूपांतरही तिच्या नावावर आहे. 'राधिकासांत्वनमु'च्या आरंभी ती आपला परिचय करून देते. पुरुष कवींनी गोत्र आणि पितृपरंपरा सांगावी त्याप्रमाणे ती आपल्या घरातील स्त्रियांची परंपरा सांगते आणि आपल्या विद्वत्तेविषयी व लौकिकाविषयी कसलाही संकोच न बाळगता बोलते. या प्रास्ताविकाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

५८४ पद्यांच्या या काव्याची कथा थोडक्यात अशी. राधा येथे कृष्णाहून वयाने मोठी, प्रौढ, अनुभवी स्त्री आहे. इळा ही तिने लहानाची मोठी केलेली मुलगी. इळा वयात येते तेव्हा तिचा विवाह कृष्णाशी लावून देण्यात राधाच पुढाकार घेते. पहिल्या रात्रीसाठी ती इळेला सजवते, कसे वागावे ते समजावते. कृष्णालाही सांगते की ही पोर कोवळी आहे, तिला जपून वागव. सर्व विधी यथासांग पार पडतात. आणि मग जे आपणच घडवून आणले ते राधेला सोसवत नाही. ती तळमळते, कृष्णावर संतापते, त्याला कठोर बोल सुनावते. कृष्ण येतो, विनवतो, तिची समजूत घालतो. या अखेरच्या प्रसंगावरूनच काव्याला नाव मिळाले.

कथासूत्र साधे आहे; त्याची योजना मात्र विलक्षण आहे. राधेचे कृष्णाशी नाते आहे, इळेचे कृष्णाशी नाते आहे, आणि या दोन्हींच्या आधीपासून राधेचे इळेशी नाते आहे. कवयित्रीने तिसरी बाजू सर्वांत प्रथम आखली. सवत होण्यापूर्वी इळा ही राधेची मुलगी आहे. त्यामुळे राधेला सरळ मत्सर करण्याची मुभाच उरत नाही. ज्या केसांत तिने स्वतः फुले माळली त्यांचा हेवा तिने कसा करावा? आणि करू नये असे ठरवले तरी मनाला ते कसे समजवावे? 'रत्नावली'तील राणीचे औदार्य नाटकाच्या शेवटी येते. राधेचे औदार्य काव्याच्या आरंभी येते आणि उरलेले काव्य त्या औदार्याची किंमत मोजण्यात जाते.

फ्रेंच समीक्षक रने जिरार यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सर्व्हांतेसपासून दोस्तोव्हस्कीपर्यंतच्या कादंबऱ्यांचा विचार करताना असे प्रतिपादन केले की माणसाची इच्छा स्वयंभू नसते. ती दुसऱ्या कोणाकडे पाहून, त्याचे अनुकरण करून जन्माला येते, आणि म्हणून प्रेमत्रिकोणात प्रतिस्पर्ध्याशी असलेले नाते प्रेयसीशी असलेल्या नात्याइतकेच, किंबहुना अधिक, प्रबळ असते. पुढे १९८५ मध्ये अमेरिकन समीक्षक ईव्ह सेजविक यांनी दाखवून दिले की या मांडणीत प्रतिस्पर्धी बहुधा दोन पुरुष असतात आणि स्त्री ही त्यांच्यातील व्यवहाराचे माध्यम बनते. युरोपीय कादंबरीपुरते हे निरीक्षण मार्मिक आहे. 'राधिकासांत्वनमु'ला मात्र ते लागू करता येत नाही. येथे माध्यम झाला आहे तो कृष्ण. त्याच्या निमित्ताने एक स्त्री आपल्या सरत्या तारुण्याकडे आणि आपणच घडवलेल्या दुसऱ्या तारुण्याकडे पाहते. स्पर्धा येथे अनुकरणातून उगवलेली नाही. ती वात्सल्याच्या पोटी जन्मलेली आहे.

या कल्पनेची मुळे गणिकाकुळाच्या जीवनात असावीत, असे मानण्यास जागा आहे. त्या घरांत वंश स्त्रियांकडून चाले. थोरलीने धाकटीला वाढवावे, शिकवावे आणि एके दिवशी आश्रयदात्यासमोर उभे करावे, हा तेथील क्रम होता. कलेचा वारसा आणि देहाचा व्यवहार एकाच हाताने सोपवला जाई. कुलस्त्रीला सवत बाहेरून येत असे; गणिकेची प्रतिस्पर्धी तिच्याच मांडीवर वाढत असे. राधा-इळेच्या नात्यातील सारा ताण या वास्तवाच्या प्रकाशात अधिक खरा वाटू लागतो. कृष्णकथेच्या आवरणाखाली मुद्दुपळनीने आपल्या जगाची गोष्ट सांगितली असेल, तर ती सांगण्यासाठी तिला त्रिकोणाची तिसरी बाजू आखणे भागच होते.

४

या काव्याचे पुढचे आयुष्य त्याच्या कथेइतकेच बोलके आहे. नंजनगूड येथे १८७८ मध्ये जन्मलेल्या नागरत्नम्मा देवदासी कुळातल्या. म्हैसूर आणि बंगळूर येथे त्यांचे शिक्षण झाले. कन्नड, तेलुगू, संस्कृत या भाषा, संगीत आणि नृत्य यांत त्या तरबेज झाल्या आणि बंगळूरच्या गायिका म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे त्या मद्रासला स्थायिक झाल्या, तरी बंगळूर हे नावापुढे लागले ते कायमचे. तंजावरच्या राजांच्या काळातील वाङ्मयाविषयी वाचत असता मुद्दुपळनीच्या काव्याचा उल्लेख त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी छापील प्रत मिळवली. ती सी. पी. ब्राउन यांचे सहकारी पैडिपाटी वेंकटनरसू यांनी १८८७ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीवर आधारलेली होती. नंतर हस्तलिखित हाती आले, तेव्हा नागरत्नम्मांच्या ध्यानात आले की छापील पुस्तकात अनेक पद्ये गाळली आहेत, आणि त्याबरोबरच कवयित्रीने स्वतःचा व आपल्या घरातील स्त्रियांचा परिचय दिला होता ते प्रास्ताविकही गाळले आहे.

शृंगारिक पद्ये गाळण्याचे कारण समजू शकते. पण एखाद्या स्त्रीने आपल्या आजीचे नाव सांगावे यात अश्लील काय होते? गाळणाऱ्याच्या मनात काहीही असो, परिणाम असा झाला की काव्य उरले आणि कवयित्री नाहीशी झाली. नागरत्नम्मांनी १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलू या प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण संहिता प्रसिद्ध केली. हे काव्य एका स्त्रीने, तेही आपल्यासारख्याच कुळात जन्मलेल्या स्त्रीने लिहिले आहे, याचा अभिमान त्यांनी प्रस्तावनेत लपविला नाही.

तेलुगू समाजसुधारणेचे अध्वर्यू कंदुकुरी वीरेशलिंगम् यांनी आपल्या तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळनीवर प्रखर टीका केली होती. हिच्या काव्याचा बराच भाग स्त्रियांनी ऐकण्याच्याही लायकीचा नाही, मग स्त्रीच्या मुखातून निघणे दूरच, असा त्यांचा आशय होता. कवयित्रीच्या चारित्र्यावरही त्यांनी बोट ठेवले. वीरेशलिंगम् यांनी विधवाविवाहासाठी आयुष्य वेचले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांचा आक्षेप एखाद्या सनातन्याचा नव्हता; पतीनिष्ठ, सुशिक्षित, मर्यादशील अशा ज्या नव्या स्त्रीची प्रतिमा सुधारक घडवीत होते, तिच्यात मुद्दुपळनीची राधा बसत नव्हती. नागरत्नम्मांनी उत्तर दिले ते तर्कशुद्ध होते. औचित्याचे नियम केवळ स्त्रियांनाच लागू आहेत काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. शृंगार त्याज्य असेल तर खुद्द वीरेशलिंगम् यांनी ज्याच्या छपाईत लक्ष घातले त्या 'वैजयंतीविलासमु' या काव्यातील उघड वर्णनांचे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले.

१९११ मध्ये सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून पुस्तकाविरुद्ध कारवाई केली. प्रती जप्त झाल्या. पंडितांनी अर्ज-विनंत्या केल्या, पण बंदी टिकली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, टंगुटूरी प्रकाशम् मद्रासचे मुख्यमंत्री असताना ती उठवली गेली आणि १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागरत्नम्मांचे निधन झाले.

या इतिहासातील एक योगायोग अस्वस्थ करणारा आहे. १९०९-१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानाने मंदिरांतील देवदासींची सेवा बंद केली. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासीप्रथा प्रतिबंधक कायदा झाला. म्हणजे ज्या काळात हे काव्य छापले आणि बंद केले गेले, त्याच काळात ते जिच्या घरी जन्मले ते घरही मोडले जात होते, आणि काव्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्या घरावर कायद्याने पडदा पडला होता. ती प्रथा संपली हे इष्टच झाले. मुलींच्या इच्छेविना त्यांचे आयुष्य ठरवणारी रीत टिकावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र प्रथेबरोबर त्या स्त्रियांची विद्याही बदनाम झाली. १९२७ नंतर मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांना विरोध करताना नागरत्नम्मा आणि त्यांच्या सहकारिणी हेच सांगत होत्या: आम्हांला केवळ देह समजू नका, आम्ही कलावंत आहोत. तिरुवैयारू येथे संत त्यागराजांची समाधी नागरत्नम्मांनी स्वतःच्या मिळकतीतून बांधली, आणि तेथील आराधनेत स्त्रियांना गाऊ दिले जात नव्हते तेव्हा स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 'राधिकासांत्वनमु'चे संपादन आणि ही समाधी ही एकाच निष्ठेची दोन रूपे आहेत.

५

या पार्श्वभूमीवर मराठीकडे वळले म्हणजे काही गोष्टी नव्याने दिसू लागतात. गुर्लहोसूर या कानडी मुलखातील गावी जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. अर्जुन, सुभद्रा आणि दुर्योधन असा तेथे त्रिकोण आहे, परंतु दुर्योधन जवळजवळ पडद्याआडच राहतो. त्याच्याविषयी कोणाला काही वाटण्याचा प्रश्नच येत नाही. खरा त्रिकोण महाभारतात आहे आणि तो अर्जुन, सुभद्रा व द्रौपदी यांचा आहे. नववधू सुभद्रा गोपवेषात द्रौपदीसमोर जाते, आणि द्रौपदीचा रोष व नंतरचा स्वीकार आदिपर्वाने मोजक्या शब्दांत टिपला आहे. किर्लोस्करांचे नाटक विवाहापाशी थांबते. आनंदपर्यवसायी नाटकाला ते आवश्यकच होते. पण तिसरी बाजू त्यामुळे गळली.

ना. सी. फडके यांच्या 'जादूगार', 'दौलत' यांसारख्या कादंबऱ्यांनी १९२८-२९ च्या सुमारास प्रणयकथेला मोहक रूप दिले. 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहिणाऱ्या या तंत्रनिपुण लेखकाच्या हाती प्रेमातील तिसरी व्यक्ती हे गुंतागुंत निर्माण करण्याचे आणि ती सोडविण्याचे साधन झाले. साधनाला अंतर्मन असण्याची गरज नसते. फडक्यांच्या असंख्य अनुयायांनी या आकृतीचा साचा केला.

याच सुमारास 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) प्रसिद्ध झाली. अविवाहित सुशिक्षित स्त्रियांच्या मनातील इच्छा, आणि विवाहाच्या चौकटीबाहेर प्रेम करणारी नायिका, हे त्यांचे विषय. महाराष्ट्रात उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. लेखिका कोण, ही खरोखर स्त्री आहे की पुरुष, याची चर्चा कथांच्या चर्चेइतकीच रंगली. पुरुष लेखकांच्या कादंबऱ्यांत प्रेमाचे गुंते सर्रास येत होते आणि ते वाचनालयांतून हातोहात जात होते. स्त्रीने तेच लिहिल्यावर प्रश्न नीतीचा झाला. नागरत्नम्मांनी विचारलेला पहिला प्रश्न येथेही तसाच उभा होता. फरक इतकाच की मालतीबाई बेडेकरांनी आपले नाव आरंभीच झाकून घेतले; मुद्दुपळनीचे नाव दुसऱ्यांनी झाकले.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ने (१९५९) त्रिकोणाला मराठीत वेगळी प्रतिष्ठा दिली. या कादंबरीच्या तत्त्वचिंतनाची चर्चा विपुल झाली. तिच्या निवेदनपद्धतीचे मोल त्या मानाने कमी ओळखले गेले. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची कथा स्वतः सांगतात. मूळ महाभारतकथेतच तिसरी बाजू पहिली आहे: देवयानी आणि शर्मिष्ठा आधी मैत्रिणी, मग वस्त्रांवरून वैरिणी, मग स्वामिनी आणि दासी, आणि नंतर एकाच पुरुषाच्या स्त्रिया. खांडेकरांनी दोघींना प्रथमपुरुषी वाणी दिली आणि वाचकाला दोघींच्या मनात उतरण्यास भाग पाडले. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाड यांचे कन्नड 'ययाति' प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये बंगळुरातच अखेरचा श्वास घेणाऱ्या या नाटककाराने तरुण वयात लिहिलेल्या या पहिल्या नाटकात आणखी एक पाऊल टाकले. पित्याचे वार्धक्य स्वीकारणाऱ्या पुरूची पत्नी चित्रलेखा त्यांनी निर्माण केली. तिचे तारुण्य या देवघेवीत कोणी विचारातच घेतलेले नाही. ती तो जाब विचारते आणि विष घेते. त्रिकोणाच्या बाहेर राहिलेला बिंदू आकृतीवरच प्रश्नचिन्ह लावतो.

६

'राधिकासांत्वनमु'चा गौरव करताना त्याची मर्यादा लपवू नये. तिसरी बाजू त्यात आहे, पण ती एका टोकाकडून पाहिलेली आहे. राधेला वाणी मिळाली; इळा मात्र जिच्याविषयी बोलले जाते तीच राहिली. जिने वाढवले तिनेच आपल्याला सोपवले, आणि ज्याला सोपवले तो समजूत घालण्यासाठी तिच्याकडेच परतला, हे त्या कोवळ्या मुलीला कसे वाटले असेल? काव्य राधेच्या सांत्वनाशी संपते. इळेच्या सांत्वनाला त्यात जागा नाही. वासवदत्तेचे मौन मुद्दुपळनीने फोडले, आणि फोडताना एक नवे मौन मागे ठेवले. चित्रलेखेचा प्रश्न दोन शतकांनंतरचा आहे. पण तो इळेच्याही तोंडी शोभला असता.

प्रेमत्रिकोणाला हलक्या रंजनाचे साधन म्हणून बाजूला सारणारी समीक्षा एका गोष्टीकडे दुर्लक्ष करते. हलकी असते ती त्रिकोणाची आकृती अर्धवट काढण्याची सवय. ज्या ज्या लेखकाने प्रतिस्पर्ध्यांना जोडणारी रेषा मनापासून काढली, त्याच्या हातून प्रेमकथेपलीकडचे काही लिहिले गेले: वय, वारसा, मैत्री, दास्य, वात्सल्य यांचे चित्र. आणि ती रेषा स्त्रीने काढली तेव्हा समाजाने आधी तिचे पद्य गाळले, मग तिच्या आजीचे नाव. बंगळूरच्या नागरत्नम्मांनी १९१० मध्ये दोन्ही एकाच वेळी परत छापली.